एका खोलीची ऊब

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात विस्तवाच्या जागा मोजक्या असत. स्वयंपाकघरात चूल आणि न्हाणीत तांब्याचा बंब. तिसरी जागा कायमची नव्हती. घरात बाळंतपण निघाले, की माजघराला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत शेगडी जाई आणि बाजेखाली निखारे धुमसू लागत. चूल अन्नासाठी होती, बंब पाण्यासाठी; खोली उबदार राहावी म्हणून पेटवलेला विस्तव वाड्यात हा एकच. पुण्यात घर गरम ठेवण्याचा इतिहास लिहायचा, तर तो बाळंतिणीच्या खोलीचाच लिहावा लागतो. आज या प्रथेकडे एकतर आजीबाईचा खुळचटपणा म्हणून पाहिले जाते, नाहीतर पूर्वजांचे अगाध विज्ञान म्हणून. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. ऊब कोणाला द्यायची, हे त्या घरांनी बरोबर ओळखले होते. ती कोंडून ठेवण्यात मात्र त्यांची घातक चूक झाली.

सगळे घर तापवणे परवडत नव्हते म्हणून एक खोली तापवली, असे कोणी म्हणेल. लाकूडफाटा विकत घ्यावा लागे, वखारीचे पैसे चुकवावे लागत, हे खरेच. पण ज्यांना पैशांची ददात नव्हती, त्या सरदारांच्या वाड्यांतही भिंतीत बांधलेली, धुराडे असलेली शेकोटी सापडत नाही. महाबळेश्वरच्या साहेबी बंगल्यांत ती आवर्जून बांधली गेली. पेशव्यांनी शनिवारवाड्यात हजारी कारंजे उभारले, कात्रजहून नळाने पाणी आणले. म्हणजे हाताशी पैसा आला तेव्हा तो गारव्यावर खर्च झाला. हवेचा हिशेबही हेच सांगतो. जानेवारीत पुण्याचे सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असते, पण दुपारी पारा तिशीला टेकतो. १७ जानेवारी १९३५ला तो १.७ अंशांपर्यंत उतरला, ही नोंद मात्र अपवादाचीच. दिवसभर तापलेल्या जाड भिंती रात्री हळूहळू निवतात. निरोगी माणसाचे घोंगडी-गोधडीत आणि पहाटे चुलीपुढे भागत असे. भागत नव्हते ते फक्त दोन जिवांचे.

नुकते जन्मलेले मूल ओले असते, वजनाच्या मानाने त्याची कातडी बरीच असते आणि मोठ्यांसारखे कुडकुडून अंगात उष्णता निर्माण करणे त्याला जमत नाही. मोठ्या माणसाला सुखाच्या वाटणाऱ्या हवेतही ते गार पडते. म्हणूनच प्रसूतीची खोली किमान २५ अंश उबदार असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी ही गरज आपल्या परीने हेरली होती. चरकसंहितेत सूतिकागारात अग्नी सतत तेवत ठेवायला सांगितला आहे. सुश्रुताने त्या खोलीचे माप आठ हात लांब आणि चार हात रुंद असे दिले आहे, म्हणजे साधारण बारा फूट बाय सहा फूट. एवढीशी जागा मूठभर निखाऱ्यांनी तापते. वाड्यातल्या खोलीचे स्थानही या दृष्टीने सोयीचे होते. ती घराच्या पोटात असे. तिच्या भिंतीपलीकडे माजघर किंवा स्वयंपाकघर असल्याने बाहेरच्या गारठ्याला भिडणारी बाजू कमी राही. परदेशात बॉयलर आणि रेडिएटर असलेल्या घरात राहणारी मराठी कुटुंबे बाकीच्या खोल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून एकच खोली गरम ठेवू पाहतात, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. तापवलेल्या खोलीची उष्णता दाराच्या फटीतून आणि पातळ भिंतींतून शेजारच्या गार खोल्यांत निसटते. अशा वेळी घराच्या मधली, लहान खोलीच फायद्याची ठरते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. ही खोली उबेसाठी नव्हे, विटाळासाठी होती. बाळंतिणीला घरापासून तोडायचे होते, म्हणून तिला कोपऱ्यातल्या अंधारात ढकलले, असे सुधारक म्हणत आले. यात तथ्य आहे. सोयर होते, शिवाशिव होती आणि कित्येक घरांत बाळंतिणीच्या वाट्याला फाटकी अंथरुणेच येत. पण विटाळाने बंद दाराचा उलगडा होतो, विस्तवाचा होत नाही. सोयर दहा दिवसांत फिटे. शेक-शेगडी सव्वा महिना चाले. विटाळ हेच एकमेव कारण असते, तर बारशाच्या आसपास निखारेही विझायला हवे होते. दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. भर वैशाखात, चाळीस अंशांच्या दुपारी शेगडी कशासाठी? याचे समर्थन करता येत नाही. सूतिकागार त्या त्या ऋतूत सुखावह असावे, असे चरकसंहिताच सांगते. रूढीने अग्नी तेवढा उचलला आणि ऋतू मागे टाकला.

खरी हानी मात्र उन्हाळ्यातल्या उष्म्यापेक्षा धुराने आणि कोंडमाऱ्याने केली. वारा लागू नये म्हणून खिडकी बुजवायची, दाराला पडदा लावायचा आणि आत कोळसा पेटवून त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा यांची धुरी द्यायची, हा शिरस्ता होता. हवा अपुरी पडली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. धुरीच्या सुवासात तर त्याची शंकाही येऊ नये. धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांत जाई तो वेगळाच. हा कोंडमारा मोडायला नुसता उपदेश पुरणार नव्हता, शिकलेल्या बायका लागणार होत्या. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेताना प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचा अंत झाला. १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. बाळंतपण हळूहळू रुग्णालयात गेले आणि ती खोली अडगळीची झाली. पुढे १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले. मुठेकाठच्या नारायण पेठेतले कितीतरी वाडे त्या पुरात ढासळले आणि त्यांच्या जागी ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या नकाशात बाळंतिणीची खोली नव्हती.

खोली गेली तरी गरज संपलेली नाही. रुग्णालयातला वॉर्मर सगळा वॉर्ड तापवत नाही, एका बाळापुरती उष्णता देतो. कोलंबियातल्या बोगोटा इथे १९७८मध्ये एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ती आज जगभर मान्य आहे आणि तिला खोलीही लागत नाही, कोळसाही लागत नाही. जिथे गरज आहे तिथेच ऊब द्यावी, हे वाड्यातले मूळ सूत्र या दोन्हींत शाबूत आहे. गेला तो फक्त धूर. म्हणून आजही घरी बाळ-बाळंतिणीसाठी शेगडी मागवण्याचा आग्रह झाला, तर आजीशी वाद घालू नये. बाळाला ऊब हवी हे तिचे म्हणणे मान्य करावे. बाळाला टोपडे घालावे, आईच्या अंगाशी द्यावे, थंडी असेल तर खोलीही उबदार ठेवावी. पण बंद खोलीत जळता कोळसा कोणत्याही ऋतूत नेऊ नये आणि खिडकीची एक फट उघडी ठेवावी.