दवंडी पिटली, पुढे काय?

महाराष्ट्राच्या खेड्यात सरकारचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या डफावर आला. चावडीतून निरोप निघाला की वतनदार महार, पुढच्या काळात कोतवाल, गल्लीच्या तोंडाशी थांबून डफावर थाप मारी. माणसं ओट्यावर आली की ‘ऐका हो ऐका’ म्हणत साऱ्याची मुदत, लिलावाची तारीख किंवा देवी टोचायचा दिवस सांगे आणि पुढच्या गल्लीला लागे. निरक्षर गावात घरोघर बातमी पोचवायला याहून खात्रीचं साधन नव्हतं. मात्र त्याला परतीची वाट नव्हती. पीक बुडालं, सारा कुठून भरू, हे दवंडीवाल्याला सांगून काय उपयोग? आणि त्याचं स्वतःचं म्हणणं तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. महार वतनाच्या जाचातून त्याला सोडवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यावर दुरुस्ती विधेयक मांडलं. ती वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. तेव्हा दवंडीच्या आठवणीने हळवं व्हावं, असं त्यात काही नाही.

शहरांत छापील जाहीरनामे आले, तरी रीत तीच राहिली आणि तिची किंमत प्लेगमध्ये कळली. 6 ऑक्टोबर 1896 रोजी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी घरात शिरण्याचे आणि रोग्याला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार जाहीर केले. हुकूम लोकांपर्यंत पोचला होता, कळलाही होता. लोकांची भीती सांगायला मात्र जागा नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, तेव्हा हुकूम सौम्य करावा लागला. पुण्यात पुढल्या वर्षी सोल्जरांकरवी घरझडत्या झाल्या आणि 22 जून 1897 ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत पुढे जातीजमातींना आपापली रुग्णालयं काढू दिली, सक्तीही हळूहळू सैल झाली. लोकांशी बोलल्याशिवाय साथ आवरत नाही, हे राज्यकर्त्यांना दंगलींनी शिकवलं.

उत्तराची जागा कायद्याने दिली ती ग्रामसभेने. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखाली सभेची सूचना दवंडीनेच देण्याची रीत राहिली, पण आता दवंडी हुकूम सांगून थांबत नव्हती, सभेला बोलावत होती. आजच्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान चार सभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा, गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार यांतला कमी असेल तो आकडा, आणि जे बोललं गेलं त्याचं इतिवृत्त. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने याच सभेच्या बळावर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. अनेक गावांत मात्र सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने ठराव चार टाळक्यांत उरकले जातात, हेही खरंच.

म्हणूनच पंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. मुंबईतला कोकणी चाकरमानी ग्रामसभेला गावी जाऊ शकत नाही, शिफ्टमधल्या कामगाराला दुपारची सभा जमत नाही. फोन मात्र दोघांच्याही खिशात आहे, आणि फुटलेल्या जलवाहिनीचा फोटो तारीख-वेळेसह नोंद म्हणून उरतो. हे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. पण पंचायतीच्या गटावर ‘फक्त अ‍ॅडमिनच संदेश पाठवू शकतात’ ही सोय लावली की उरते ती निव्वळ दवंडी. गट खुला ठेवला तर सुप्रभातांचा आणि भांडणांचा पूर येतो, अशी ग्रामसेवकांची तक्रार असते, आणि ती रास्तच आहे. त्यावर तोंड बंद करणं हा उपाय नव्हे. सूचनांचा गट वेगळा ठेवावा, तक्रारींचा वेगळा, आणि प्रत्येक तक्रारीला नोंद क्रमांक द्यावा.

खरा धोका वेगळाच आहे: फोनवर उत्तर मिळालं की सभेची गरजच उरली नाही, असं वाटण्याचा. 7 मार्च 2022 ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे नगरसेवकच नव्हते. पालिकेचं एक्स खातं मात्र चालू होतं, खड्ड्यांच्या फोटोंना उत्तरंही येत होती. एकेक खड्डा असा बुजेलही. पण रस्त्यांवर खर्च किती आणि कोणत्या वस्तीत आधी, याचा जाब त्या खात्यावर मागता येत नाही. तो सभागृहात किंवा ग्रामसभेतच मागता येतो. शहरांसाठी राज्याने 2009 मध्ये मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद केली. ती बहुतांशी कागदावरच राहिली.

तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे नव्या अ‍ॅपची मागणी करण्याआधी एवढंच मागा: मोबाइलवर आलेल्या तक्रारींची यादी पुढच्या सभेत वाचली जावी, प्रत्येकीवर काय ठरलं ते इतिवृत्तात उतरावं आणि त्या पानाचा फोटो त्याच गटावर टाकावा.