कणकण आणि हजेरी

मूल धडधाकट असले म्हणजे त्याला कोणाच्याही ओसरीवर खेळत सोडता येते, आणि ते अगदीच अत्यवस्थ झाले म्हणजे खुरपे टाकून दवाखाना गाठण्यावाचून आईला गत्यंतर उरत नाही. परंतु अंगात नुसती कणकण आहे, नाक वाहते आहे, लेकरू किरकिर करते आहे, अशी जी या दोहोंमधली अवस्था, तिची तजवीज कोणी करावी, हा प्रश्न बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील मौजे चिंताकीसारख्या गावांतून पूर्वापार घरातल्या घरातच निकाली निघत आला. तूर-मुगाच्या खुरपणीचा दिवस बुडवणे रोजंदारीवरच्या बाईला परवडत नसे. मग ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेकून, टाळूवर तेल घालून ती लेकराला सासूच्या मांडीवर देई, आणि सासू नसली तर थोरल्या मुलीच्या कडेवर. त्या मुलीची शाळा बुडे ती बुडेच.

निजामाच्या अमदानीत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, औराद म्हैसूरकडे राहिला. सरकारी दप्तराची जुनी उर्दू गेली, कानडी आली, पण म्हातारीच्या मांडीला पर्याय काही आला नाही.

तो पर्याय, आणि तोही भीषण स्वरूपात, गिरणगावाने आधीच शोधला होता. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या सुमारास असे नमूद केले की, या स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते. तिला नाव मोठे गोंडस होते: बाळगोळी. आई निर्दय होती असे कोणी समजू नये. अफूने भूक मरते हे खरे, पण तिच्याच अंमलाखाली खोकला दबतो आणि ढाळही आटोक्यात येतात, तेव्हा किंचित आजारी मूल गोळी पोटात गेल्यावर खरोखरच सुधारल्यासारखे दिसे. आणि अबकारी खात्याच्या परवान्याने उघडपणे विकला जाणारा जिन्नस औषध नाही, विष आहे, हे त्या माउलीने कशावरून ओळखावे?

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले, व १९७६ साली ही संख्या तीसवर आणली. त्या कलमात उजेड होता, वारा होता, स्वच्छता होती, दुधाचा आणि कपडे धुण्याचा विचार होता, प्रशिक्षित बाईही होती. ताप आलेल्या मुलाचे काय करावे, हे मात्र नव्हते. पाळणाघराच्या दारातून असे मूल सहसा परत पाठवले जाते, आणि त्यात दाईचा दोष नाही, कारण गोवराचे एक मूल आत आले तर खोलीभर गोवर होतो. परंतु गोवर आणि वाहते नाक यांना एकाच मापाने मोजणे हे, माझ्या मते, सावधगिरीपेक्षा सोयीचे अधिक आहे.

१९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या आणि पुढे मुंबईतही आलेल्या ‘मोबाईल क्रेशेस’ या संस्थेला हे दार लावून घेणे शक्यच नव्हते, कारण तिच्याकडची बांधकाम मजुरांची मुले कामाच्या जागीच राहत. म्हणून डॉक्टरांच्या नियमित फेऱ्या तिच्या व्यवस्थेचाच भाग झाल्या. स्वीडनने १९७४ साली निराळी वाट धरली: आजारी मुलाजवळ थांबलेल्या आईला वा बापाला बुडालेल्या कमाईचा मोबदला विम्यातून मिळू लागला. जपानात किरकोळ आजारी मुलांसाठी बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याला जोडूनच स्वतंत्र पाळणाघरे आहेत.

कर्नाटक सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींतून रोजगार हमीवरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे जाहीर केली. कानडीत कूसु म्हणजे तान्हे मूल, मने म्हणजे घर. मराठी कानाला मात्र त्यात आईची कूस ऐकू येते, आणि द्विभाषिक गावात हा गोड गैरसमज कोणी दुरुस्त करू नये. रोजगार हमीच्या कायद्यात त्याआधीपासूनच अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर एका मजूर बाईला त्यांच्याकडे नेमावे आणि तिला मजुरीही द्यावी. मुले सांभाळणे हे काम म्हणून हजेरीपत्रकावर चढले, ते असे. मात्र कणकण असलेले लेकरू मांडीवर घेऊन जी घरीच राहिली, तिच्या नावापुढे त्या दिवशी गैरहजेरीच लागते.