बोट लागण्याआधी

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने आणि जावईबापूंनी मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. दोन रात्री, तीन दिवस. त्या संध्याकाळपासून सुरतेत उधन्यातल्या आमच्या घरात पलंगावर कपड्यांचे ढीग पडायला लागले. मुलीच्या मते आईला रात्रीच्या जेवणासाठी एक चांगला ड्रेस हवा होता. आईच्या मते दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी हवी होती.

“आई, बोटीवर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत,” मुलगी फोनवर म्हणाली.

“बाहेरचं कुठं आहे? घरचं आहे.”

मी या वादात पडलो नाही. मला एका दाखल्यासाठी मुगलीसऱ्यात जायचं होतं.

मुगलीसरा म्हणजे सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय. नंदुरबारहून रेल्वेच्या तापी लाइनने इथे आलो तेव्हा मला ते एखाद्या मोहल्ल्याचं नाव वाटलं होतं. पुढे पालिकेच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायला लागलो आणि कळलं की ही खरोखरीची मोगल सराई आहे. शाहजहानच्या अमदानीत, १६४४ साली, हकीकतखान नावाच्या अधिकाऱ्याने ती बांधली. कशासाठी, तर हजला निघालेल्या यात्रेकरूंना जहाज मिळेपर्यंत डोकं टेकायला जागा हवी म्हणून. १८६७ पासून तिथे नगरपालिका बसते. म्हणजे आज ज्या दगडी कमानींखाली आपण वेऱ्याची, म्हणजे कराची, पावती हातात धरून उभे राहतो, तिथे एके काळी लाहोरचे, आग्र्याचे, बुऱ्हाणपूरचे लोक आपापल्या वळकट्यांवर बसून वाऱ्याची वाट बघत होते. सुरतेला ‘बाब-अल-मक्का’, मक्केचं दार, म्हणत असत. समुद्रप्रवासाची तयारी कशी करावी हे या गावाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दाखल्याला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या मी मनातल्या मनात त्या लोकांच्या आणि आमच्या बॅगा शेजारी शेजारी मांडल्या.

पहिला फरक असा की त्यांच्या यादीत सगळ्यात वर कपडे नव्हते, महिना होता. शिडाचं जहाज वाऱ्याच्या मर्जीने चालतं. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटला की सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाता येतं, आणि मार्चच्या सुमारास शेवटची जहाजं निघतात. नैर्ऋत्येचा पाऊस ओसरायला लागला, ऑगस्ट-सप्टेंबर आला, की नैर्ऋत्येच्याच वाऱ्यावर परतायचं. मधले महिने तिकडेच. वारा चुकला तर वर्ष गेलं. आमच्याकडे मात्र पहिला प्रश्न काय, तर गॉगल कोणता घ्यायचा.

दुसरी गोष्ट कागदाची. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. सोबत सलीमा सुलतान बेगम आणि राजघराण्यातल्या आणखी बायका. खुद्द बादशहाचं कुटुंब, ‘सलीमी’ आणि ‘इलाही’ ही दोन जहाजं तयार, पैशाला तोटा नाही. तरी ही मंडळी सुमारे वर्षभर सुरतेत अडकून पडली. कारण समुद्रावर हुकूम पोर्तुगिजांचा चालत होता आणि त्यांचा परवाना, कार्ताझ, नसेल तर जहाज धरलं जाई. त्या परवान्यावर येशू आणि मेरीची चित्रं असत, म्हणून असा कागद घेऊन हजला जावं की जाऊ नये यावरही त्या काळच्या उलेमांमध्ये वाद होता. शेवटी दक्षिण गुजरातेतलं बुत्सर हे गाव पोर्तुगिजांना तोडून दिल्यावर वाट मोकळी झाली. परतताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथे बरेच महिने गेले. १५८२ मध्ये बेगम फत्तेपूरला पोचली तेव्हा घर सोडून साडेसहा वर्षांच्या आसपास काळ लोटला होता. आमच्या जावयांनी आधारकार्डाच्या तीन-तीन झेरॉक्स काढायला लावल्या तेव्हा मी चिडलो होतो. गुलबदनची आठवण झाल्यावर गप्प बसलो.

आणि पाणी. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. ती मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे, कारण त्यातले निम्मे शब्द पोरांना घरचेच वाटायचे: सारंग, तांडेल, भंडारी, खलाशी. नाखुदा म्हणजे कप्तान आणि मुअल्लिम म्हणजे तारे बघून दिशा सांगणारा. पण मला आवडायचे ते दोघं वेगळेच. एक कराणी. हा जहाजाचा हिशेब लिहायचा आणि उतारूंना पाणी वाटून द्यायचा. पाण्याची वाटणी हिशेबनिसाकडे, यातच सगळं आलं. दुसरा नाखुदा-खशब. उतारूंना सरपण पुरवणं हे त्याचं काम. सरपण उतारूंना कशाला? स्वयंपाकाला. म्हणजे आपला शिधा आपण न्यायचा, जहाजावर आपली चूल आपण पेटवायची आणि पाणी मोजून मिळेल तेवढ्यात भागवायचं. लाकडाच्या जहाजावर, समुद्राच्या मध्यात, माणसं चुली पेटवून बसली आहेत हे चित्र डोळ्यांसमोर आणा. (आमच्या बॅगेतली इस्त्री बंदरावरच्या तपासणीत काढून घेतली. आग लागण्याच्या भीतीने बोटीवर इस्त्री, किटली चालत नाही. हिला राग आला, मला नाखुदा-खशब आठवला.)

हे सगळं कुणी लिहून ठेवलं नसतं तरच नवल. औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयाला सफी बिन वली काझविनी नावाचा विद्वान होता. तिच्याच मदतीने तो १६७६-७७ मध्ये सुरतेवरून हजला जाऊन आला आणि परतल्यावर त्याने ‘अनीस-उल-हुज्जाज’ लिहिलं. यात्रेकरूंचा सोबती, असा नावाचा अर्थ. हिंदुस्थानातून जाणाऱ्यांसाठी व्यवहारी सल्ला आणि जोडीला जहाजांची, मक्केच्या वाटेवरच्या ठिकाणांची रंगीत चित्रं असलेल्या प्रती. आज आपण क्रूझवर जाऊन आलेल्या शेजाऱ्याला गाठून विचारतो ना, काय नेलं, काय उगाच नेलं? तसलाच हा माणूस, फक्त राजकन्येच्या खर्चाने गेलेला.

काय उगाच नेऊ नये याचं सुरतेतलं सगळ्यात ठळक उदाहरण मात्र मराठी माणसाच्या पुस्तकात दुसऱ्याच मथळ्याखाली येतं. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, जानेवारी १६६४ मध्ये आणि ऑक्टोबर १६७० मध्ये. या गावात राहून हा धडा मराठी पोरांना शिकवणं ही एक कसरतच असते. गल्लीतले गुजराती मित्र मधल्या सुट्टीत वाट बघत उभे असतात. दुसऱ्या खेपेला काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान नुकताच मक्केहून परतून सुरतेत उतरला होता. त्याची माणसं दिवसभर लढली. रात्री तो किल्ल्यात पळाला आणि मुक्कामावरचं सामान मराठ्यांच्या हाती लागलं. त्या सामानात सोन्याचा पलंग होता. राज्य गेलेला माणूस यात्रेला निघतो आणि सोबत सोन्याचा पलंग बाळगतो! दर वर्षी पोरं इथे हसायची आणि मी त्यांना हसू द्यायचो.

परतीच्या सामानाची धास्ती नेहमीच मोठी. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज यात्रेकरू आणि व्यापाराचं सोनं-चांदी घेऊन सुरतेकडे येत होतं. खाफीखान लिहितो की जहाजावर ऐंशी तोफा होत्या. त्यातलीच एक तोफ फुटली, आपलीच माणसं मेली, आणि हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने जहाज लुटलं. माणसांचे, विशेषतः बायकांचे, जे हाल झाले ते वर्गात सांगण्यासारखे नव्हते. त्याची शिक्षा सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्यांच्या रूपाने मिळाली.

ही जहाजं गावात येत नसत, हेही सांगायला हवं. तापीत गाळ फार, म्हणून मोठी जहाजं नदीच्या मुखाबाहेर सुवालीला नांगर टाकत. तिथून माल आणि माणसं बैलगाडीने नाहीतर छोट्या होड्यांनी गावात, आणि मग जकातीच्या नाक्यावर झडती. तिथल्या झडतीबद्दल युरोपीय प्रवाशांनी मनसोक्त कुरकुर करून ठेवली आहे. आता सुवालीला आम्ही रविवारी मक्याची कणसं खायला जातो. शेजारच्या हजिऱ्याहून २०२० पासून घोघ्याला गाड्या वाहून नेणारी फेरी सुटते आणि २०२१ मध्ये तिथूनच दीवची क्रूझ सुरू झाली. जागा तीच, गाळही तोच.

पुढची कहाणी थोडक्यात. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा जहाज बांधणारा सुतार १७३६ मध्ये मुंबईला गेला आणि सुरतेचं कसबही त्याच्या मागोमाग मुंबईला गेलं म्हणायला हरकत नाही. आगबोटी आल्या आणि हजचं बंदरही मुंबई झालं. १८८६ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईच्या यात्रेकरूंची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली होती. सहलवाल्यांची ही आद्य कंपनी काही वर्षं हजची एजंट होती, ही गोष्ट मला अजून गमतीची वाटते.

हिंदू माणसाच्या बॅगेत आणखी एक न दिसणारं ओझं असे. सुरतेत जन्मलेले महीपतराम रूपराम नीलकंठ १८६० मध्ये शिक्षणव्यवस्था पाहायला इंग्लंडला गेले. परतल्यावर नागर जातीने त्यांना वाळीत टाकलं. समुद्र ओलांडला, एवढाच गुन्हा. त्यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तक गुजरातीत लिहिलं आणि सरकारी शिक्षणखात्यात नाव कमावलं, पण जातीचा तगादा चुकला नाही. माझ्या आजोबांनी सिंधुबंदी हा शब्द उच्चारताना आवाज खाली घेतल्याचं मला आठवतं, आणि आजोबांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता.

तापीच्या पल्याडच्या रांदेरला मात्र असली भीती नव्हती. तिथले मुसलमान व्यापारी रंगूनला जात, दुकानं थाटत, मशिदी बांधत. परतताना त्यांनी जे आणलं ते आजही खाता येतं. रमजानमध्ये रात्री रांदेरच्या बाजारात खावसा मिळतो, ब्रह्मदेशचा नारळाच्या रसातला शेवयांचा पदार्थ, सुरती मसाला अंगावर घेऊन आलेला. माझी बायको शाकाहारी खावसा घरी करते आणि वर कांद्याची कुरकुरीत भजी चुरून टाकते. रंगूनच्या माणसाने ओळखला नाही तरी हरकत नाही.

दाखला मिळाला. घरी आलो तेव्हा दोन मोठ्या बॅगा भरून झाल्या होत्या. मी इतिहासाच्या जोरावर दोन सूचना केल्या. एक, आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन राहू, कारण बोट आपल्यासाठी थांबत नाही. दुसरी, एकच बॅग नेऊ. पहिली मान्य झाली.

आणि इतकं सगळं ठाऊक असलेला मी स्वतः काय चूक केली ते सांगतो. बॅलार्ड पिअरला मोठ्या बॅगा खालीच द्यायच्या असतात आणि त्या तुमच्या खोलीच्या दारात पोचायला तासन्‌तास लागतात. यात चूक कुणाची नाही, हजारभर माणसांचं सामान असतं. उतारूने हातातल्या पिशवीत कागद, औषधं, चष्मा आणि एक जोड कपडे ठेवायचे असतात. माझ्या हातातल्या पिशवीत कॅमेरा, दुर्बीण आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणी हिने कशी आत आणली ते मी विचारलं नाही. उलटीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, इस्त्रीच्या रिकाम्या जागेत होत्या.

बोट सुटली, मुंबईचे दिवे मागे गेले, आणि बाहेर समुद्र जरा हलायला लागला. माझं जेवणाच्या टेबलापर्यंत जाणंच झालं नाही. शेजारच्या पलंगावर बसून ओव्याची पुरचुंडी माझ्या नाकाशी धरत ही म्हणाली, “नंदुरबारच्या माणसाला तापीची होडी लागते, समुद्राचं काय घेऊन बसलात!” बॅग आली तेव्हा रात्र झाली होती. मी गोळी घेतली आणि ती पोटात टिकली नाही. दुसऱ्या दिवशी गोव्याचा किनारा दिसला तेव्हा मी दशमीचा तुकडा चटणीला लावून खात होतो. माझ्या पोटाने एवढंच स्वीकारलं.

तुम्ही जाणार असाल तर ड्रेस, गॉगल, टोपी, जे न्यायचं ते न्या. पण बोट लागण्याची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, आणि बोट सुटायच्या तासभर आधी घ्या. नंतर घेऊन फारसा उपयोग नसतो.