पारपटलरोपण आणि डोळ्यातील प्रतिकारशक्ती

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील ओलोमोत्स या मोराव्हियन शहरात ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म या नेत्रशल्यविशारदाने, चुन्याने भाजून दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमावलेल्या एका मजुरावर पारपटलाचे, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे, रोपण केले. धातूचे कण शिरल्याने एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा काढावा लागला होता. त्यातून घेतलेल्या दोन चकत्यांपैकी एक निकामी झाली, दुसरी मात्र स्वच्छ राहिली आणि तो मजूर पुन्हा कामाला लागला. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे तेव्हा नव्हती, ऊतक जुळवण्याचे शास्त्रही जन्मले नव्हते. तरीही परक्याचे ऊतक शरीराने स्वीकारले, ते कसे, याचा उलगडा व्हायला पुढे अनेक दशके लागली.

डच नेत्रतज्ज्ञ फान डोरेमाल याने १८७३ मध्येच, कुत्र्याच्या डोळ्यात ठेवलेली उंदराची त्वचा अपेक्षेपेक्षा अधिक काळ टिकते, असे नोंदवले होते. १९४८ मध्ये जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की, पारपटलामागच्या द्रवाने भरलेल्या पुढच्या कप्प्यात ठेवलेले परके कलम, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत तर, तग धरते. या सवलतीला ‘प्रतिकारविषयक विशेषाधिकार’ म्हणतात. शरीराला परक्या ऊतकाचा पत्ताच लागत नसावा, असा त्यातून अर्थ काढला गेला.

तो अर्थ अपुरा होता, हे १९७० च्या दशकात कॅप्लन आणि स्ट्राइलिन या संशोधकांच्या उंदरांवरील प्रयोगांनी स्पष्ट केले: डोळ्यातील परक्या पदार्थाची वर्दी प्लीहेपर्यंत पोहोचते, पण तेथून हल्ल्याऐवजी आवर घालणारा प्रतिसाद सुरू होतो. शिवाय नेत्रजलातील, म्हणजे पुढच्या कप्प्यातील द्रवातील, काही प्रथिने दाह रोखतात, तर १९९५ मध्ये असे दिसले की, डोळ्यातील पेशींवरील ‘फास लिगँड’ हे प्रथिन आत शिरलेल्या दाहकारक पेशींना आत्मनाश करायला लावते. पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी माणसात जवळजवळ पुन्हा निर्माण होत नसल्याने, जंतूंवर मात करणारा दाहच दृष्टी घालवू शकतो; ते टाळणे हेच या संयमाचे प्रयोजन आहे.

या संयमालाही मर्यादा आहेत. एका डोळ्याला खोल जखम झाल्यावर कधीकधी दुसऱ्या, निरोगी डोळ्यातही दाह उसळतो. साध्या पारपटलरोपणात आजही ऊतक जुळवणे सहसा आवश्यक मानले जात नाही. रक्तवाहिन्या शिरलेल्या पारपटलात मात्र कलम नाकारले जाण्याचा धोका बराच वाढतो.