मोडशी

'मोडशी' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. माझ्या लहानपणी तो घरोघरी असायचा. पोट बिघडलं, जुलाब लागले की आजी म्हणायची, "पोराला मोडशी झाली" आणि सुंठ उगाळायला बसायची. या घरगुती शब्दाने केवढा प्रवास केलाय हे वाचलं आणि थक्कच झालो!

१५४३ साली गोव्यात उलट्या-जुलाबांची भयंकर साथ आली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवलंय की माणसं इतकी मरू लागली की गव्हर्नरने चर्चच्या घंटा वाजवायलाच मनाई केली. लोक घाबरू नयेत म्हणून! रोगाचं नाव मात्र त्याने इथलंच घेतलं, 'मोरिशी'. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही तेच नाव आहे. पुढे फ्रेंचांनी त्याचं 'मोर द शियाँ' करून टाकलं. अर्थ काय, तर कुत्र्याचं मरण! आजीची मोडशी कुठल्या कुठे पोचली बघा.

ती साथ म्हणजे नंतरचा कॉलराच का, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण १८१७ नंतरच्या पटकीबद्दल शंका नाही. बंगालात जेसोरला ती भडकली. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि त्याच महिन्यात तिकडे बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या छावणीत सैनिक पटापट मरत होते. मग फौजा, व्यापारी, बाजारबुणगे जातील तिथे ती गेली. १८१८ च्या उन्हाळ्यात नागपूर, पुढे दख्खन, पनवेलची वाट आणि ऑगस्टमध्ये मुंबई. पेशवाई कशी बुडाली हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, पण पाठ्यपुस्तकात या साथीचा शब्दही नव्हता.

१८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिने मुख्य बोट ठेवलं ते यात्रांवर. यात्रांमध्ये साथ पसरायची हे खरंच आहे. पंढरपूरला लाखो माणसं एकाच चंद्रभागेत अंघोळ करणार आणि तिचंच पाणी पिणार, मग दुसरं काय होणार? पण पहिल्या खेपेला लष्कराच्या छावण्यांचा वाटा केवढा होता, ते सोयीने विसरलं गेलं असं मला वाटतं. आपल्याकडे लोकांनी मरीआईला, जरीमरीला साकडं घातलं. विलायतेतले डॉक्टर दूषित हवेला दोष देत होते. म्हणजे अज्ञान दोन्हीकडे सारखंच! लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये पाण्याकडे बोट दाखवलं, तर त्यालाही लगेच कुणी मानलं नाही. कॉखने कलकत्त्याला जंतू ओळखला तो १८८४ साली.

आणि उपाय? तो फार साधा निघाला. जुलाबात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. साखरेबरोबर दिलं तर आतडं मीठ-पाणी शोषून घेतं, हे १९६० च्या दशकात कळलं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातीच दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं! त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. असो. आपण त्याला 'जलसंजीवनी' म्हणतो. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. (चमचा चहाचा आणि सपाट!) आमच्या बालपणी मात्र "जुलाब होताहेत, पाणी देऊ नका" असं म्हणणारी थोरली मंडळी होतीच. त्या एका वाक्याने किती पोरं सुकून गेली असतील!

१९८० च्या सुमारास जगात, चीन सोडून, पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुलं दरवर्षी जुलाबाने जायची. आता जागतिक आरोग्य संघटना साधारण ४ लाख ४४ हजार सांगते. रोटाव्हायरसची लसही आता आपल्या सरकारी लसीकरणात आहे. पण उरलेली मुलं कुठली? जिथे शौचालय नाही, नळ नाही आणि पोट भरत नाही, तिथली.

आमच्या मोहन्याला उल्हास नदी आहे. मोहिलीच्या केंद्रातून तिचंच पाणी शुद्ध होऊन कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. वरच्या शहरांचं सांडपाणीही तिच्यातच येतं आणि उन्हाळ्यात बंधाऱ्याजवळ हिरवीगार जलपर्णी पसरलेली मी पाहिली आहे. लांबून ती सुंदर दिसते. मात्र सांडपाण्यावरच ती पोसली जाते.

बरं, वऱ्हाडात, खानदेशात मोडशीला काय म्हणतात? नागपूरच्या भाचे मंडळींनी जरूर कळवावं.