मांडलेला डाव, मांडलेला इतिहास

मराठीत 'मांडणे' या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. आपण पाट मांडतो, पूजा मांडतो, डाव मांडतो आणि विद्वत्सभेत सिद्धान्तही मांडतो. वस्तू जागच्या जागी ठेवणे आणि विचार सुसंगतपणे पुढे ठेवणे, या दोन क्रियांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला यामागे काही शहाणपण असावे, असे वाटत आले आहे. त्या शहाणपणाचा प्रत्यय एका अगदी अनपेक्षित ठिकाणी येतो. ते ठिकाण म्हणजे इंग्लंड-अमेरिकेत भरणारी युद्धखेळांची संमेलने.

'मिनिएचर वॉरगेमिंग' हे नाव मराठी वाचकाला अपरिचित असले, तरी तो खेळ समजून घ्यायला दिवाळीतला किल्ला पुरेसा आहे. आपल्या किल्ल्यावरचे मावळे मांडले की चार दिवस जागा सोडत नाहीत. या खेळातले शिपाई जागा सोडतात. हाताने रंगवलेले, इंच-सव्वा इंच उंचीचे, धातूचे वा प्लॅस्टिकचे हे शिपाई टेबलावर उभ्या केलेल्या टेकड्या, ओढे आणि गावे यांच्यामधून मोजपट्टीने मोजून पुढे सरकवले जातात. गोळीबाराचा निकाल फासे देतात. एखादी पलटण टिकली की मोडली, हे नियमपुस्तक सांगते. खेळणारी माणसे प्रौढ असतात. पुष्कळदा केस पिकलेली.

या खेळाची वंशावळ आपल्या दाराशी येऊन पोहोचते. सेनेच्या चार अंगांवरून ज्याला चतुरंग म्हणत, तो आपला खेळ इराण-अरबस्तानमार्गे युरोपात जाऊन 'चेस' झाला. १७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या अध्यापकाने त्याच बुद्धिबळाचा पट वाढवला, घरांना डोंगर-नद्यांचे रंग दिले आणि सोंगट्यांच्या जागी पायदळ, घोडदळ व तोफखाना आणला. पुढे प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी पटावरची घरेच पुसून टाकली. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी भूप्रदेशाचे तुकडे जोडून करायचे टेबल बनवले. मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर नेला आणि सैन्याच्या प्रशिक्षणात त्याला जागा मिळवून दिली. या टप्प्यावर खेळात एक तिसरी व्यक्ती आली. ती म्हणजे पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला सांगत आणि परिणाम काय झाला ते पंच सांगे. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु फेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने नियमांचे जंजाळ जवळजवळ बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सारा भार टाकला. निकाल नियमाने द्यावा की जाणत्या माणसाने, हा वाद तेव्हापासून या खेळाच्या पाठीशी लागला आहे.

सैनिकी शाळेतला हा खेळ दिवाणखान्यात रुजवण्याचे श्रेय सहसा एका कादंबरीकाराला दिले जाते. एच. जी. वेल्स यांचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणानंतर एका स्नेह्याने खेळण्यातल्या तोफेने शिपाई पाडून दाखवला आणि त्यातून खेळ सुचला, अशी हकिकत वेल्स देतात. पुस्तकात 'जे. के. जे.' एवढीच ओळख असलेला हा स्नेही म्हणजे विनोदकार जेरोम के. जेरोम, असे मानले जाते. वेल्स यांच्या खेळात गोळीबारासाठी फासे नव्हते; तोफेतून खरोखरच लाकडी गोळी सुटे आणि शिपाई खरोखरच आडवा होई. हे छोटे युद्ध खेळून पाहिले म्हणजे मोठे युद्ध किती ढिसाळ आणि मूर्खपणाचे असते ते कळेल, असा वेल्स यांचा दावा होता. पुढच्याच वर्षी मोठे युद्ध आले आणि त्याच लेखकाने ते युद्धाचा अंत करणारे युद्ध ठरेल असे लिहिले. लेखकाचा उपहास करण्यासाठी हे सांगत नाही. टेबलावरचे शहाणपण टेबलावरून उतरेलच याची हमी नसते, एवढे मात्र या खेळाबद्दल बोलताना विसरू नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाची माणसे एकमेकांना सापडू लागली. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रूबी यांनी १९५७ मध्ये एक नियतकालिक काढले. इंग्लंडमध्ये महायुद्धात रणगाडा दलात असलेले आणि पुढे फिजिओथेरपिस्ट झालेले डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६१ मध्ये साउथॅम्प्टन येथे ब्रिटनमधले पहिले संमेलन भरवले. १९६८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या गावी गॅरी गायगॅक्स यांनी पन्नास डॉलर भाड्याने उद्यानविद्या मंडळाचे सभागृह घेतले आणि 'जेनकॉन' सुरू केले. लंडनचे 'सॅल्यूट' १९७२ पासूनचे, तर ऐतिहासिक युद्धखेळांना वाहिलेले अमेरिकेतले 'हिस्टॉरिकॉन' १९८४ पासूनचे. आपल्या साहित्य संमेलनाप्रमाणे इथेही विक्रीच्या दालनांत गर्दी अधिक असते, हा भाग वेगळा.

संमेलनातला खेळ घरच्या खेळाहून वेगळा असतो, आणि आपल्या विषयाचे मर्म या वेगळेपणात आहे. घरी दोन मित्र खेळतात. दोघांनाही नियम पाठ असतात. संमेलनात एक माणूस दोन-तीनशे मैलांवरून गाडीत टेकड्या, झाडे आणि शेकडो शिपाई भरून आणतो. त्याने महिनोन्‌महिने रात्री जागून ते रंगवलेले असतात. ठरलेल्या वेळी सहा-आठ अनोळखी माणसे त्याच्या टेबलाभोवती जमतात. पंधरा मिनिटांत त्याने त्यांना नियम समजावायचे, प्रत्येकाच्या हाती एक फौज द्यायची आणि तीन-चार तासांत लढाई निर्णयापर्यंत न्यायची असते. ब्रिटनमध्ये केवळ पाहण्यासाठी मांडलेला खेळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सामील करून घेणारा खेळ असा भेद करतात. अमेरिकेत आधी नाव नोंदवून खेळायची पद्धत अधिक. खेळ मांडणारा स्वतः बहुधा खेळत नाही. तो सूत्रधार असतो, पंच असतो आणि यजमानही असतो. नियमपुस्तक ही संहिता मानली, तर संमेलनातला खेळ हा तिचा प्रयोग. आणि प्रत्येक प्रयोगाला नटसंच नवा, तोही तालमीवाचून उभा राहिलेला.

या यजमानपणाचा एक अलिखित धर्म आहे: पाहुण्याला रिकामे बसवू नये. ज्याची फौज तिसऱ्या तासाला रणांगणावर येणार, त्याला दोन तास खुर्चीवर ताटकळत ठेवणारा खेळ वाईट समजला जातो, मग तो इतिहासाला कितीही धरून असो. वरवर ही केवळ सौजन्याची बाब वाटेल. पण इतिहास आणि आतिथ्य यांची गाठ इथेच पडते आणि इथेच ती सुटेनाशी होते. उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्ली यांची फौज आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांची संयुक्त फौज यांच्यात लढाई झाली. वेलस्ली हे पुढे वेलिंग्टन झाल्यामुळे ही लढाई इंग्रजी युद्धखेळाच्या परिचयाची आहे. टेबलासाठी तिच्यात सारे काही आहे: दोन नद्यांमधली चिंचोळी जागा, प्रत्यक्ष हल्ल्यात सुमारे साडेचार हजार इंग्रजी फौज, समोर पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि त्यांखेरीज कित्येक हजारांचे घोडदळ. इंग्रजांची जिंकूनही पंधराशेहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली.

आता हा डाव मांडायचा आहे अशी कल्पना करा. पहिला प्रश्न: सुरुवात कुठून? कैलना नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असताना, समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहून तिथे उतार असलाच पाहिजे असे वेलस्ली यांनी ताडले आणि ते नदी ओलांडून गेले. खेळ त्याआधी सुरू केला, तर मराठ्यांच्या बाजूने बसलेला खेळाडू पहिल्याच पाळीत उतारावर तोफा नेऊन ठेवील, कारण त्याने पुस्तक वाचलेले असते. खेळ नदी ओलांडल्यानंतर सुरू केला, तर मराठ्यांची चूक त्यांच्या माथी आधीच मारलेली असते. प्रारंभबिंदू निवडताच कार्यकारणभाव निवडला जातो. इतिहासलेखनाचे पहिले वाक्य कुठून सुरू करायचे, या प्रश्नाहून हा प्रश्न वेगळा नाही.

दुसरा प्रश्न: कोणाला किती अंक द्यायचे? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक पावडर' या नियमांत प्रत्येक सेनापतीला एक अंक असतो. दोन फाशांची बेरीज त्या अंकाइतकी वा त्याहून कमी आली तरच हुकूम मानला जातो. पोलमनला आठ दिले, तर त्याचा हुकूम छत्तीस शक्यतांपैकी सव्वीस वेळा पाळला जाईल. सात दिले, तर एकवीस वेळा. एका अंकाने एक पिढीभराचे संशोधन मान्य वा अमान्य होते. मराठी सैन्य मुळातच विस्कळीत, अशी वसाहतकालीन समजूत ज्याच्या मनात आहे तो डोळे झाकून सात लिहील. उलट रँडॉल्फ कूपर यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात मराठ्यांची युद्धकला मागासलेली नव्हती, पराभवाच्या कारणांचा शोध पैसा आणि फितलेले युरोपीय अधिकारी यांच्याकडेही जाऊन घेतला पाहिजे, असे साधार दाखवले आहे. ते वाचणारा सात लिहिताना थबकेल. खुद्द वेलस्ली यांनी शिंद्यांच्या पायदळाची आणि तोफांच्या माऱ्याची वाखाणणी केलेली आहे. इंग्रज रांगा पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा पाठमोऱ्या शत्रूवर वळवल्या, हीही नोंद आहे. यासाठी वेगळा नियम न करणारा खेळ असईचा म्हणवत नाही. पण अभिमानापोटी पोलमनला नऊ देणारा मराठी माणूसही तितकाच चुकेल. अंक लिहिताना हात थरथरला पाहिजे, मग तो हात कोणाचाही असो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. मराठ्यांचे अफाट घोडदळ त्या दिवशी निर्णायकपणे लढाईत उतरले नाही. शिंदे आणि भोसले रणांगण सोडून गेले. आता ज्या पाहुण्याच्या हाती हे घोडदळ दिले, त्याने काय करायचे? त्याला मोकळीक दिली तर तो इंग्रजांना बुडवील आणि ती असई उरणार नाही. त्याला अडवले तर तो विचारील, माझे स्वार का हलत नाहीत? 'तसे घडले म्हणून' हे उत्तर इतिहासाच्या वर्गात खपते, टेबलावर खपत नाही. तिथे कारण द्यावे लागते.

याचे उत्तर संमेलनांच्या परंपरेतच सापडते असे वाटते. १९६९ च्या सुमारास मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या एका मंडळात डेव्हिड वेसली यांनी 'ब्राउन्श्टाइन' नावाच्या काल्पनिक गावाचा नेपोलियनकालीन डाव मांडला. सेनापतींखेरीज गावातल्या प्रतिष्ठितांच्या भूमिकाही खेळाडूंना दिल्या आणि प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र हेतू दिला. खेळाडू भलत्याच वाटांनी गेले, आपापसांत कारस्थाने करू लागले, लढाई राहिलीच. वेसलींना हा प्रयोग फसला असे वाटले, खेळाडूंनी मात्र तो पुन्हा मागितला. त्याच मंडळातले डेव्ह आर्नसन आणि जेनकॉनचे गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' जन्मले, हे सर्वश्रुत आहे. आपल्याला हवे आहे ते त्यामागचे तत्त्व: एका बाजूच्या सर्वांचे हित एकच असते, हे गृहीत धरू नये.

असईच्या टेबलावर हे तत्त्व आणून पाहा. पोलमनचे काम लढाई जिंकणे. शिंद्यांचे काम घोडदळ शाबूत घेऊन निघणे, कारण फौज गेली तर दौलत जाते. भोसल्यांचे काम शिंद्यांच्या लढाईत आपले नुकसान होऊ न देणे. हे हेतू प्रत्येकाला चिठ्ठीवर गुपचूप लिहून दिले, तर कोणालाही अडवावे लागत नाही. घोडदळाचा खेळाडू रिकामा बसत नाही. तो तीन तास एका कठीण निर्णयाशी झुंजत असतो, आणि शेजारी तोफांशी उभा असलेला पोलमन 'स्वार पाठवा' म्हणून त्याच्या विनवण्या करीत असतो. अर्थात हे हेतूही मांडणाऱ्याचेच अनुमान. पण ते आता उघड्यावर आलेले असते, आणि खेळ संपल्यावर त्याच्याशी भांडता येते.

ई. एच. कार यांनी 'व्हॉट इज हिस्टरी?' मध्ये इतिहासातल्या जर-तरला दिवाणखान्यातला खेळ म्हणून झिडकारले. ते पुस्तकही १९६१ चेच, साउथॅम्प्टनच्या संमेलनाच्या वर्षाचे. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेने जर-तरला विज्ञानकथेत जागा दिली. ऐतिहासिक चर्चेत मात्र आपले जर-तर बहुधा हळहळीपाशी थांबते. विश्वासराव वाचते तर, असा एक सुस्कारा, आणि चर्चा संपली. युद्धखेळ सुस्काऱ्यावर सुटू देत नाही. 'तर' मान्य, पण मग कोणाचा अंक बदलायचा, किती, आणि कशाच्या आधारे, हे तो विचारतो.

टेबलावर पडलेला शिपाई दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. असईच्या शेतांत पडलेले उठले नाहीत. हे अंतर कोणताही नियम भरून काढू शकत नाही. चार तासांनी फासे गोळा होतात, शिपाई कापसात गुंडाळून पेटीत जातात, टेकड्या गाडीत चढतात. आणि त्या आवराआवरीत मराठ्यांच्या बाजूने बसलेला कुणी अनोळखी माणूस खेळ मांडणाऱ्याला विचारतो, 'त्यांना सातच का दिलेत?' मांडणाऱ्यापाशी त्या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे.