शेव्हरोलेचा माल मिळेल का?

अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेला उभे राहा आणि एकेक गोष्ट पुसत जा. आधी डोक्यावरची मेट्रो काढा. मग चकाल्याच्या शेअर रिक्षा, मग सीप्झ, एमआयडीसी, विमानतळाची भिंत, हायवे. शेवटी उरतील ती भाताची खाचरं, ताडाची झाडं, चार-दोन बंगले आणि स्टेशन. साल १९२८, महिना डिसेंबर. तुम्ही मुंबईत नाही आहात. अंधेरी अजून उपनगर जिल्ह्यात मोडते. मुंबईच्या पालिकेत यायला तिला १९५० उजाडणार आहे.

कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी याच जानेवारीत सुरू झाली, तिचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. पण तुम्हाला जायचंय पूर्वेला, आणि तुमचं नशीब जोरावर आहे. अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेला जाणारी नवी आगगाडी यंदाच सुरू झाली आहे. बसून घ्या. ही गाडी १९३४ साली बंद होईल आणि अंधेरीहून रुळांवरून पूर्वेकडे जायला लोकांना थेट २०१४ च्या मेट्रोपर्यंत थांबावं लागेल. कुर्ल्याला उतरा, हार्बरची विजेची गाडी पकडा, शिवडीला या.

फलाटाबाहेर पडलात की कापसाच्या गासड्या, गोदीचा खारा वारा, आणि पुढे एक नवी कोरी शेड. जनरल मोटर्स इंडिया. आत शिरा, कुणी अडवणार नाही. दारावरच्या पठाणाचं लक्ष बंदरातून आलेल्या खोक्यांवर आहे. एवढी मोठी खोकी की आत माणूस उभा राहील. पहारीनं फळी उचकटली की कुर्रकन खिळे निघतात, आणि गवतातून, तेलकट कागदातून बाहेर येतो गाडीचा सांगाडा. मग एक्सल. मग चेनकप्पीला लोंबकळत येणारं इंजिन. चार माणसं त्याला हातानं सरळ करतात, पाचवा वाकून बघतो आणि ओरडतो, ‘‘सोड, सोड... बास!’’

हा पाचवा रत्नागिरीकडचा. तुमच्याकडे बघून विचारतो, ‘‘भरतीला आलात काय?’’ त्याचा भाऊ गिरणीत आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा संप चालला, सहा महिने पगार नाही. घर यानं ओढलं. आता भाऊसुद्धा म्हणतोय, मोटारीच्या कारखान्यात चिकटव मला. साचा चालवणारे हात बोल्ट आवळायला शिकायला किती वेळ लागणार?

समोर उभी आहे शेव्हरोले नॅशनल. वरचं छत दुमडून मागे टाकता येणारी, चार सिलिंडरची, चारही चाकांना ब्रेक असलेली. हिंदुस्थानात जोडलेली जनरल मोटर्सची ही पहिली गाडी. हँडल मारा. एकदा, दोनदा, आणि सगळी शेड टाळ्या वाजवते.

जोडलेली, बनवलेली नव्हे, हे मात्र विसरू नका. सगळा माल बोटीनं आलाय. पण त्या दिवशी शिवडीत हा फरक कुणाला बोचत नाही. अमेरिकेत आदल्याच वर्षी शेव्हरोलेनं खपात फोर्डला मागं टाकलंय, आणि इथल्या गिऱ्हाइकाचंही मत ठरलेलं आहे. विलायती मोटार दिसायला नेटकी, पण तिकडचा कर इंजिनाच्या मापावर, त्यामुळे इंजिन बेताचं. अमेरिकन गाडी जमिनीपासून उंच, ताकदीची, रांगडी, आणि त्या मानानं स्वस्त. घाटातल्या कच्च्या रस्त्यावर कुठली चालणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

म्हणून आता शहर सोडा आणि दहा वर्षं पुढे येऊन कुठल्याही तालुक्याच्या नाक्यावर उभे राहा. शेव्हरोलेचं खरं नाव इथं झालं. राजेरजवाड्यांच्या गाड्यांचे फोटो छापून येतात, पण माणसांच्या तोंडी ती बसली सर्व्हिस मोटारीमुळे. अमेरिकन चॅसी, वर सुतारानं बांधलेली लाकडी बॉडी, माणसं आत, बोचकी आणि कोंबड्या वर. ड्रायव्हरला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. चढावर पाणी उकळलं की क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावतो. गाडी वाटेत बंद पडली तर? मास्तर बॉनेट उघडतो, तारेनं, चिंधीनं, शिव्यांनी काहीतरी करतो आणि गाडी हलते. लागलाच एखादा भाग तर तो जिल्ह्याच्या गावी मिळतो, नाहीतर दुसऱ्या गाडीचा बसतो. १९२९ पासून शेव्हरोलेनं सहा सिलिंडरचं ओतीव लोखंडी इंजिन दिलं तेही चार सिलिंडरच्या किमतीत, आणि त्या इंजिनानं वर्षानुवर्षं लॉऱ्या ओढल्या. मोटारीची अब्रू म्हणतात ती हीच. जाहिरातीत ती कुणालाच विकत मिळालेली नाही.

लढाईची वर्षं भरभर ओलांडा. पेट्रोलवर रेशन आहे, गाड्यांच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बांधलेली आहे, शिवडीत लष्करी ट्रक जोडले जातायत. १ जून १९४८ ला मात्र क्षणभर थांबा. पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटते आहे. एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यात नाना कंपन्यांच्या गाड्या आहेत, त्यांत शेव्हरोले आहे आणि बेडफर्डही. बेडफर्डवर शिक्का विलायतेचा, पण ती कंपनीही जनरल मोटर्सच्याच घरची.

आता कुर्ला. इथं दुसरी एक अमेरिकन गोष्ट चालली आहे आणि ती आपल्या माणसाची आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद. मोटारीचा कारखाना काढायचा म्हणून त्यांनी आणि विश्वेश्वरय्यांनी तिशीच्या दशकापासून खटपट केली, बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं पाठिंबा दिला, क्रायस्लरशी करारही झाला. दिल्लीच्या इंग्रज सरकारनं लढाईचं कारण दाखवून घोडं अडवलं. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या फाटकातून गाड्या बाहेर पडू लागल्या : डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गो ट्रक. सुरुवात इथंही खोकी उघडूनच झाली. पण वालचंदांना ती खोकी एक दिवस बंद करायची होती.

शिवडीच्या साहेबांना ती बंद करायची नव्हती. १९५३ साली टॅरिफ कमिशननं सांगितलं की जे इथं माल बनवण्याचा कार्यक्रम देतील त्यांनीच राहावं, नुसती जुळणी आता पुरे. जनरल मोटर्सनं हिशेब मांडला. देशात वर्षाला खपणार काही हजार गाड्या, त्यासाठी इंजिनाची ओतशाळा कोण घालणार? फोर्डनंही तेच केलं. १९५४ साली शिवडीचं काम थांबलं. तुम्ही फाटकाबाहेर उभे आहात; आतून तो रत्नागिरीचा माणूस येतोय, केस पिकलेले. त्याला नोकरी मिळेल. पंचवीस वर्षं शेव्हरोले जोडलेल्या हाताला मुंबईत कुठलंही गॅरेज नाही म्हणत नाही. सरकारचं चुकलं की कंपनीचं, यावर आजही वाद घालता येतो. माझ्या मते सरकारनं मागितलं ते रास्तच होतं आणि कंपनीचा हिशेबही खोटा नव्हता. फक्त कुर्ल्याच्या प्रीमियरनं फियाट धरली, ती तगून राहिली, आणि पुढची चाळीस वर्षं मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा तिनंच ठरवला.

आता घराकडे वळा. सत्तरीतली अंधेरी, पूर्वेला मोहन स्टुडिओ. इथंच ‘मुघल-ए-आझम’ झाला. फाटकाशी पोरांची गर्दी आहे, कारण आत इम्पाला उभी आहे. कंपनी देश सोडून गेली, आयात बंद, तरी शेव्हरोले इम्पाला येते कुठून? वकिलातीतले परदेशी साहेब बदलून जाताना गाड्या विकतात आणि सरकारचं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन त्यांची विल्हेवाट लावतं. मग त्या सिनेमावाल्यांच्या, बिल्डरांच्या, शेटजींच्या दारात येतात. गल्लीत शिरताना इम्पाला पालखीसारखी डुलत येते आणि लोक भिंतीला चिकटून वाट देतात. या श्रीमंतीला जुहूतच एक मराठी इशारा होऊन गेलाय : भगवानदादा पालव. ‘अलबेला’ सिनेमानंतर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी, असं सांगतात. सगळं विकून दादा दादरच्या चाळीत राहायला गेले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर त्याच इम्पालाचं बॉनेट उघडून बघा. लिटरला चार-पाच किलोमीटर परवडेनात, म्हणून मालकानं मूळचं इंजिन भंगारात घातलंय आणि आत पर्किन्सचं डिझेल बसवलंय. एवढा ऐसपैस खड्डा आणि त्यात ट्रॅक्टरसारखं धडधडणारं इंजिन. मिस्त्री हसत सांगतो, ‘‘साहेब, नाव अमेरिकेचं, आवाज शेताचा!’’ गाडी चालते, आणि चालते ती या मिस्त्रीमुळे.

पुढची उडी २००३. नव्वदीच्या दशकात जनरल मोटर्स ओपल घेऊन परत आली होती, आता शेव्हरोले हे नाव परत आलंय. लिंक रोडवरच्या काचेच्या शोरूममध्ये तुम्ही वडिलांना घेऊन आलायत. वडील समोरच्या जाळीवरच्या बो-टायच्या चिन्हाकडे बघतात आणि त्यांना सर्व्हिस मोटार आठवते. सेल्समनला या जिव्हाळ्याची किंमत बरोबर ठाऊक आहे. पण शोरूममध्ये उभी असलेली ऑप्ट्रा कोरियाच्या देवूची आहे. टवेरा जपानच्या इसुझूची. नंतर आलेली स्पार्क म्हणजे देवूच्याच मातीझचं नवं रूप. देवू बुडाली, तिचा मोटारधंदा जनरल मोटर्सनं घेतला, आणि त्यावर आपला बो-टाय लावला. गाड्या वाईट होत्या असं कुणी म्हणू नये. टवेरानं तर टूर-ट्रॅव्हल्सवाल्यांचं भलं केलं : रात्री अंधेरीच्या कॉल सेंटरची पोरं पोचवायची, शनिवारी शिर्डी, गणपतीत कोकण.

सप्टेंबर २००८, तळेगाव. पुण्याजवळच्या माळावर नवा कारखाना सुरू होतो. महाराष्ट्रात पुन्हा शेव्हरोले, आणि या वेळी निव्वळ खोकी उघडणं नाही. पुढच्याच वर्षी, १ जून २००९ ला, अमेरिकेत मूळ कंपनी दिवाळखोरीत जाते. अंधेरीतलं गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन एकच विचारतं, ‘‘कंपनी बुडाली म्हणे?’’ सेल्समन सांगतो, इथलं काम वेगळं, काळजी नको. बीट येते, डिझेल बीट येते, जरा बरे दिवस येतात.

२०१३ च्या जुलैत मात्र घाव बसतो, आणि तो आतून. २००५ पासून विकलेल्या तब्बल १,१४,००० टवेरा कंपनीला परत बोलवाव्या लागतात. धुराच्या चाचणीला निवडक इंजिनं पाठवून कर्मचाऱ्यांनीच नियमाला बगल दिली, असं कंपनीनंच सांगितलं. वीस-पंचवीस जणांना घरी पाठवलं. ट्रॅव्हल्सवाल्याला धुराच्या नियमाशी देणंघेणं नव्हतं. त्याला कळलं ते इतकंच, की ही मंडळी कागदावर खेळतात. १८ मे २०१७ ला घोषणा झाली : वर्षअखेरीपासून भारतात विक्री बंद. ज्यांनी महिन्यापूर्वी गाडी घेतली होती त्यांचे चेहरे बघायला शोरूममध्ये थांबू नका. डीलर भरपाईसाठी भांडत होते. तळेगावात मेक्सिकोसाठी गाड्या निघत राहिल्या, २०२० च्या डिसेंबरात तेही थांबलं. चौदाशेच्या आसपास कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

१९५४ साली कंपनी गेली तेव्हा तिच्या गाड्या तारेनं, चिंधीनं चालत राहिल्या. आता तसं होत नाही. सेन्सर बिघडला तर मिस्त्री लॅपटॉप लावतो आणि मान हलवतो. वॉरंटी पाळू, सुटे भाग देऊ, असं जाताना कंपनीनं सांगितलं होतं. तरी आंबोलीच्या एखाद्या गॅरेजात उभं राहून बघा : बीटचा हेडलाइट हवा म्हटलं की मिस्त्री आधी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन लावतो. ‘‘शेव्हरोलेचा माल आहे काय रे? काढलेला चालेल.’’ कुर्ल्यात ज्या जागेवर डॉज आणि प्लिमथ निघायच्या, तिथं आज कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. तिथून थोड्याच अंतरावर, बीकेसीत, २०२५ च्या जुलैत टेस्लानं भारतातली पहिली शोरूम उघडली. गाड्या तयार होऊनच बोटीनं येतात, चीनमधून.

तेव्हा अंधेरीत कुणी एमएच ०२ ची बीट तुम्हाला स्वस्तात देऊ करत असेल, तर किमतीवर भाळू नका. हेडलाइट, बंपर, क्लचप्लेट आणि इंजिनाचा कंट्रोल युनिट, या चार वस्तू कुठं आणि कितीला मिळतात ते आधी आपल्या मिस्त्रीकडून फोनवर विचारून घ्या, मगच इसार द्या. बीकेसीतून नवी अमेरिकन गाडी घ्यायला निघाला असाल तरीही.